शून्यासारखा पाच

सोहारमधली माझी पहिली चूक
लाल शाईत आहे.
चौथी ब, तसाबीहची वही.
पंचवीस अधिक तीस,
आणि उत्तराच्या जागी तिने काढलेली
शेजारी शेजारी दोन पोकळ अंडी.
मी फुली मारली. खाली लिहिलं,
शून्य शून्य म्हणजे काय?

ती रडली नाही.
टेबलाजवळ आली, एक तळहात उघडून धरला,
मग दुसरा.
मला वाटलं छडीसाठी पुढे करतेय.
"मारत नाही गं मी," म्हणाले,
आणि तेही चुकून मराठीत.

काचेला आतून गारवा, बाहेरून घाम.
त्या घामापलीकडे कुठेतरी बंदर.
मागच्या बाकावरून मेहराब, बलुची घरातला,
सहा महिन्यांत ज्याचा आवाज ऐकला नव्हता,
बोटांकडे बघत म्हणाला,
"पंच, मिस. पंच, पंच."

मी दचकले.
परक्या गल्लीत कुणीतरी
आपल्याच घरचं भांडं खाली पाडावं, तसं.

मग तास बुडालाच.
जर्विन ओरडला, लीमा!
अज्झाने आजोबांचा झांझिबारचा तानो आणला,
श्रीनंदाने अंज्,
तसाबीहने घशाच्या तळातून खम्सा,
आणि फळ्यावर काढलं तेच अंडं,
माझ्या बाराखडीच्या वहीतलं शून्य,
इथे भरलेलं, पाच बोटांचं.

"मग शून्य कुठंय तुझं?"
तिने मार्कर टेकवला, उचलला.
एवढंच. एक ठिपका.
तिच्या वहीभर असे ठिपके होते.
मी ते शाईचे डाग समजून सोडले होते,
तिचे सगळे दशक, सगळे शतक.

माझं आडनाव ढवळे.
जर्विन म्हणतो दाबाले, मेहराब दवाले,
अज्झा नुसतंच मिस, हसून.
ळ आहे तो एकट्या श्रीनंदाकडे,
मल्याळी, घरचा, आयता,
दुधाच्या दातांपासूनचा.
मला तिचा थोडा हेवा वाटतो.
मी तो विकत घेतलाय,
अकोटला, तिसरीत, लाकडी रुळाच्या भावाने.
डोया नाही, डोळा.
केयी नाही, केळी.
ढवये नाही. पुन्हा म्हण. हात पुढे कर.
निम्मा वर्ग तसाच बोलायचा खरं तर,
पण मी पहिल्या बाकावर होते.

त्या संध्याकाळी घरी जाऊन
आईच्या बोलण्यातले य मोजले होते मी,
आणि तिला हसले होते.
हे कुणाला सांगितलेलं नाही.

तसाबीह दिवाळीच्या सुमारास गेली.
वडिलांची बदली, दुक्मला.
वही घेऊन गेली, फुलीसकट.
खोडरबर लाल शाईवर चालत नाही,
आणि शेजारी "बरोबर" लिहिलं तरी
पोरं आधी फुलीच बघतात.
मी लिहिलं होतं. तिने दाखवलं जर्विनला,
दोघं हसले. कशाला, ते कळलं नाही.

हल्ली पोकळ गोल दिसला
की पेन हवेत थांबतं.
तपासायला वेळ लागतो. सुपरवायझर बाई विचारतात,
ढवळे मॅडम, अजून ब वर्गाच्याच वह्या?
हो, म्हणते. उजवीकडून उघडतात काही,
शेवटच्या पानावर सुरू होतात,
मागच्या महिन्यात एकाला मी
"कोरी वही" असा शेरा दिला होता.

शुक्रवारी आईचा फोन येतो.
लिंबं स्वस्त आहेत का तिकडे, हवा कशी,
आणि शेवटी नेहमीचं,
"तुह्याजवय कोनी आहे का व?"

बरीच वर्षं मी उत्तर शुद्ध दिलं.
या शुक्रवारी खिडकीचा घाम पुसत,
"हायेत," म्हटलं,
"अठ्ठाईस."

पलीकडे ती जरा गप्प झाली.
मग म्हणाली, "जेवली काय?"