उद्या सकाळी उघड

पार्सलं ठेवायला जागा द्याल का, म्हणत
कुरिअरवाले आले, तेव्हा आउलिस म्हणाला,
वैऱ्याची घोडी आपल्या तबेल्यात बांधायची?
मी हो म्हणाले.
विजेचं बिल माझ्या नावावर येतं.

तेव्हापासून कायानीत कुणीही ऑनलाइन वाद्य मागवलं
की ते माझ्याच दुकानात येऊन पडतं,
न खपलेल्या अकॉर्डियनांच्या पायाशी.
खोक्यामागे मला चाळीस सेंट.

उचललं की कळतं.
ही गिटार, पाठ प्लायवुडची.
हे व्हायोलिन, आत कागद कमी कोंबलाय.
हे कान्तेले...
नाही, इस्त्रीचं टेबल.

आज एमेली आला. कार्पिनेनांचा धाकटा.
ऑक्टोबरात तीन शनिवार
खिडकीजवळच्या स्टुलावर बसून
त्यानं भिंतीवरची ती तांबूस गिटार वाजवली होती,
एकच धून, दर वेळी तिथेच अडलेली.
भाव विचारला नाही.
लेबलाचा फोटो तेवढा काढला.

मोबाइल पुढे करतो. नजर बुटांवर.
स्कॅनर वाजतो, बीप.
सकाळपासून भवानी नाही;
दुकानात लागलेला सूर एवढाच.

बाहेर उणे अठ्ठावीस.
लाकडानं रात्र ट्रकमध्ये काढलेली.
मी गप्प बसले असते तर
उबदार खोलीत खोकं उघडताच
वॉर्निशवर कोळ्याचं जाळं उमटलं असतं,
खोकं परत आलं असतं,
आणि मला पुन्हा चाळीस सेंट.

पण जिभेला कुलूप घालायला मी कधी शिकलेच नाही.
लगेच उघडू नकोस, म्हटलं.
उद्या सकाळपर्यंत खोक्यातच राहू दे.
गारठलेल्या माणसाला कुणी थेट आगीत ढकलतं का?

माहितीपत्रकात असं काही नाहीये, तो म्हणाला.

नसेलच.

तो दारापर्यंत गेला. थांबला.
चालत जायचंय, पंचवीस मिनिटं.
आज रात्री इथेच ठेवली तर?

ठेव.

भाडं घेतलंस का, आउलिसनं जेवताना विचारलं.
मी बटाट्यांवर मीठ घातलं, दोनदा.

त्याआधी, दिवा मालवून कुलूप लावताना,
काचेतून मागे पाहिलं होतं:
खोक्यात ती, भिंतीवर ही,
एकाच कारखान्यातल्या दोघी,
एक एकशे नव्वद युरोची, एक दोनशे चाळीसची,
अंधारात हळूहळू
एकाच तापमानाला येत.