आज मी सवारी

आज दुकान उघडलं नाही. शाली घडीतच राहू दिल्या.
फळीवर मांजरी पसरलीय, पोट जड,
तिच्या भरवशावर सगळं सोडून खाली आले.
धक्क्यावर तू ओरडत होतास,
सान मार्कोस, सान पाब्लो, सान हुआन,
रोजच्यासारखा, परक्या माणसांच्या अंगावर,
आणि मी रांगेत उभी. तुझ्या लक्षातच आलं नाही.
पंचवीस केत्साल तळहातावर ठेवले, तेव्हा वर बघितलंस.
काय गं?
काय गं काय. आज मी सवारी.
आणि दहा परत दे, गावच्या माणसांना तू पंधराच लावतोस.

पुढच्या फळीवर बसले, जिथे पाणी उडतं,
जिथे तू नवख्यांना बसवतोस आणि गालात हसतोस.
शेजारी एक उंच म्हातारा, नाकाला पांढरं मलम.
त्याने विचारलं, हा डोंगर कुठला?
तोलिमान, म्हटलं. आत आग आहे, पण झोपलीय.
आणि मागचा?
मागचाही. झोपलाय.
तो जरा घाबरला, जरा खूश झाला.
मी वळून नीट बघितलं.
एकोणतीस वर्षं याच डोंगरांकडे पाठ करून तोर्तिया थापल्या,
आणि त्यांची उतरण अशी सावकाश आहे, हे कोणी सांगितलंच नव्हतं.

सान मार्कोसला उतरले. कधीच उतरले नव्हते.
तिथे वाटेवर केळीच्या सावलीत
गोरी मुलं डोळे मिटून बसली होती, श्वास मोजत.
एवढ्या लांबून येऊन डोळे मिटतात.
मी अर्धा अननस घेतला, मीठ-मिरची लावून,
कठड्यावर बसले, पाय हलवत,
कुणाचंच काही न करता.
अननस संपला तरी बसलेच होते.

दुसऱ्या फेरीला तू आलास, मी परत चढले.
सान हुआनच्या अलीकडे, जिथे बोरूच्या रांगा संपतात,
तू इंजिन हळू केलंस.
कोणी सांगितलं नव्हतं. मी तर मुळीच नाही.
खाली आमची पडवी आहे.
धुण्याची टाकी, आईने चुना लावलेली भिंत,
जिथे दादाची उंची कोळशाने लिहिली होती, ती चौकट.
तळं वर्षाला हातभर चढलं, आणि एका वर्षी उंबरा ओलांडून आत आलं,
पाहुण्यासारखं, पायसुद्धा न पुसता.
आता पाण्याबाहेर फक्त आवोकादोचा शेंडा,
त्यावर एक काळा पाणपक्षी पंख वाळवत.
म्हाताऱ्याने फोटो काढला. छान आला असेल.
तू पुन्हा इंजिन वाढवलंस, घसा खाकरत.

सान हुआनच्या चढावर लाल रिक्षा भोंगा वाजवत गेल्या.
अंगणात कॉफी वाळत होती, कोंबडी तिच्यातून चालत होती.
एका दुकानातून पोरगी धावत आली,
या सेन्योरा, बघायला पैसे नाहीत, तुमच्यासाठी खास, सकाळचं पहिलं गिऱ्हाईक!
दुपारचे दोन वाजले होते.
तिचे डोळे ओळखले. कातारिनाची धाकटी.
तिने मला नाही ओळखलं.
माझंच वाक्य, माझ्याच चालीत, शेवटी वर उचललेलं.
निळीत रंगवलेला एक पट्टा घेतला.
सांगितलेल्या किमतीला. एक शब्द न काढता.
पोरगी पैसे हातात धरून तशीच उभी राहिली,
तिचं काहीतरी चुकलं असावं, अशी.

परतताना शोकोमिल सुटला.
म्हणतात, हा वारा माणसांची पापं उचलून नेतो.
माझी टोपली नेली, रिकामी होती.
मागे येऊन बस, तू ओरडलास.
नाही आले. पंधरा दिलेत.
डोक्यापासून भिजले, दातांत लाटांचं पाणी,
आणि म्हातारा माझा दंड धरून
त्याच्या भाषेत कुठल्यातरी देवाला हाक मारत होता.
मी त्याला थोपटत राहिले, मुलाला थोपटावं तसं.

परतीचे पैसे तू मागितले नाहीस.
मीही आठवण केली नाही.
उद्या दुकान उघडेन,
मांजरीने फळीवर पिल्लं घातली नसतील तर.