ओळ एक्केचाळीस

गावाचं नाव सूर.
इथे गाणारं कुणी मला अजून भेटलेलं नाही.
ओमानच्या या टोकाला समुद्राचं पाणी गोडं करतात
आणि मी सर्व्हर सांभाळते, लहानसाच,
शिफ्टमधल्या बासष्ट माणसांनी
एकमेकांशी बोलावं एवढ्यापुरता.
आईला सांगितलंय पाण्याच्या कंपनीत आहे.
ती शेजारणीला सांगते, टँकरचं काहीतरी.

जुनं मशीन गुरुवारी बसलं ते बसलंच.
नव्यावर हेड ऑफिसची सेटिंग्जची फाइल चढवली,
मस्कतहून आलेली, इस्त्री केल्यासारखी.
पोर्ट अमुक. एका वेळी माणसं तमुक.
टोपणनाव नऊ अक्षरांचं,
त्यात बॉयलरवाले वेंकटसुब्रमण्यम मावेनात,
ते वेंकटासू झाले आणि दिवसभर हसले.
ओळ एक्केचाळीस :
तेच ते पुन्हा पाठवणाऱ्याचा निरोप गाळावा. हो.
हो तर हो.
सेव्ह केलं, सर्व्हर पुन्हा सुरू केला,
चहा टाकायला गेले.

रात्री दोनला लक्षात आलं
की इनटेककडून काहीच नाही.

तिथे शफीकुल असतो, चार किलोमीटरवर,
समुद्र आत ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी,
जाळीवर बॅटरी धरून.
लिहिता जेमतेम येतं, म्हणून दर तासाला
एकच अक्षर धाडतो : के.
के म्हणजे जागा आहे. के म्हणजे जाळी मोकळी.
जेलीफिशचा लोंढा आला की बोट उचलतच नाही,
केकेकेकेकेके,
आणि आम्ही पंपांकडे धावतो.

फोन लावला. झोपलास का रे, विचारलं.
"दीदी, हम तो बराबर भेजता है."
आवाज दुखावलेला नव्हता. वाऱ्यात होता.

लॉग उघडला.
दहाचा के, पोचवला. (मी चहापाशी होते.)
अकराचा के, गाळला.
बाराचा, गाळला. एकचा.
दोनचा, चार मिनिटांपूर्वी.
सर्व्हरने प्रत्येक के नीट वाचला होता,
वेळेसकट टिपून ठेवला होता,
फक्त कुणाला दिला नव्हता.

पेनड्राइव्हवरून जुनी फाइल काढली.
परकारची. हर्णैचा माणूस,
मार्चमध्ये कायमचा परत गेला,
होडीला नवं इंजिन बसवणार होता म्हणे.
फाइल त्याच्या टेबलासारखीच :
निम्म्या ओळी हॅश लावून झोपवलेल्या,
मधेच कुणाच्या तरी खोलीचा नंबर,
एका ठिकाणी वीस माणसांच्या भाताचं प्रमाण,
आणि एक्केचाळिसाव्या ओळीच्या डोक्यावर
रोमन अक्षरांतलं मराठी :
हिला हात लावू नको. शफीकुल एकच अक्षर लिवतो.

हॅशपुढचं सर्व्हर वाचत नाही.
मीही वाचलं नव्हतं.

हो खोडून नाही केलं.
सेव्ह. सुरू. सुरू होईना.
घाईत एक अवतरणचिन्ह उडालं होतं
आणि सर्व्हर तोंड उघडं टाकून
वाक्य संपायची वाट बघत बसलेला.
ते दिलं.
परकारची ओळ जशीच्या तशी चिकटवली.
खाली माझीही एक, हॅश लावून.
काय लिहावं सुचेना, तारीख लिहिली.

तीन वाजले.
खाडीपलीकडे अर्धवट बांधलेल्या लाकडी गलबतावर
एकच बल्ब जळत होता, रोजचाच.
तीन वाजून एक.
तीन वाजून दोन मिनिटांनी पडद्यावर के.
शेजारी वेळ : रात्रीचे अकरा, तारीख कालची.
टाइमझोनची ओळ राहूनच गेली होती.
ती सकाळी बघेन.

मग काय वाटलं कुणास ठाऊक,
मीही एक के टाकला.
तिकडून बराच वेळ काही नाही.
मग एक प्रश्नचिन्ह.