डांबराखालची अक्षरं

बापू बोर्ड रंगवायचे
निपाणीत, स्टँडमागच्या बोळात.
एकाच कुंचल्याला दोन लिप्यांचं वळण.
वर कन्नड खाली मराठी, की वर मराठी खाली कन्नड,
ते गिऱ्हाईक कोण
आणि साल कुठलं, त्यावर ठरायचं.

मोर्चाच्या दुसऱ्या दिवशी
दुकानदार डांबर फासलेल्या पाट्या घेऊन यायचे.
बापू घासलेटचा बोळा फिरवत म्हणायचे,
"अक्षरं कुठं जात्यात?
आत हैत की. दिसंनात, एवढंच."

आई तंबाखूच्या वखारीत चाळणीवर.
तोंडाला पदर, पापण्यांवर पिवळी पूड,
पोटात मी, सातव्या महिन्याची.
एक शिंकली की सगळ्या हसायच्या
आणि हसता हसता सगळ्याच खोकायच्या.
रात्री ती अंग धुवायची तेव्हा
मोरीतून चहासारखं पाणी जायचं.

आता मी बेळगावात, तिसऱ्या मजल्यावर,
रक्ताच्या नळ्यांवर नंबर लिहिते.
खिशात निळा पंप. जिना चढले की दोन झुरके.
मागच्या पावसाळ्यात एका नळीवर
एकशे बारा लिहिलं. ती माझीच.

उप्पिन मॅडमनी स्क्रीन माझ्याकडं वळवली.
"अक्षरं सगळी जागेवर हैत बघा तुमची.
एक चूक नाही.
पण हिथं, आणि हिथं, वर टिंब बसलंय."
मिथाइलचं टिंब. मोहरीच्या दाण्याच्या
कितीतरी कोटी पट बारीक.
"त्यानं जनुक पुसत नाही. गप्प बसतं."

मी पावतीच्या पाठीवर लिहिलं: वश.
वर टिंब दिलं: वंश.
मॅडम हसल्या. "आमच्यात ते डोक्यावर बसत नाही,
शेजारी बसतं, गोल.
सोन्ने म्हणतो आम्ही त्याला. शून्य."

तंबाखूनंच का, मी विचारलं.
"एकटीवरनं नाही सांगता येत.
गर्दी बघायला लागते.
हजार आया, हजार पोरं, मग कुठं रेघ दिसते."
मी मनात मोजायला लागले:
आक्काताई, सुलाबी, मंगळवारपेठेतल्या दोघी जावा,
कमळाबाई जी चाळणीवरच कळांना लागली.
हजार व्हायला वेळ लागणार नव्हता.

"आणि जातात का ती टिंबं?"
"काही जातात. धूर सोडलेल्यांची वर्षांनी फिकी होतात.
काही हटत नाहीत. आम्हाला अजून माहीत नाही."
अजून माहीत नाही, हे एवढ्या सरळ
कुणी डॉक्टर बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

शनिवारी शेवटच्या गाडीनं निपाणीला आले.
आई तांदूळ निवडत होती, अजूनही चाळणीवर.
मी सांगितलं, जेवढं सांगता आलं तेवढं,
टिंबाचं, वशाचं, शून्याचं.
तिचा हात थांबला.
"म्हंजे माझ्यामुळं?"

या प्रश्नाला मी गाडीत
सोळा उत्तरं जुळवली होती.
एकही आठवेना.
"तुझ्यामुळं नव्हे. वखारीला खिडकी नव्हती."

ती बराच वेळ खडे शोधत राहिली
जिथं खडे नव्हते.
"मागितली होती आम्ही खिडकी.
अठरा दिवस बसलो होतो पेठंत, उन्हात.
तू होतीस की पोटात."
"मग? मिळाली?"
"झरोका पाडला. मालकानं सांगितलं,
जास्त वारं आलं तर माल उडतो."

केवढा, मी विचारलं.
तिनं चाळणी खाली ठेवली,
तळहात उताणा धरला,
मग थोडं आठवून
दोन बोटं मिटून घेतली.