शेवटचा हात

ओला असताना कुठलाही दगड देखणा.
बोरीच्या पात्रात वाकून उचलला
की वाटतं, हाच.
खिशातून घरी येईस्तोवर वाळून मातकट होतो
आणि माणूस आपल्याच डोळ्यांवर रुसतो.

अमळनेरात चाळीस वर्षं मी चष्म्याच्या काचा घासल्या.
मग तयार काचा खोक्यांतून यायला लागल्या.
मालकानं हिशेब केला, वर दिला
गुलाबी भुकटीचा अर्धा डबा. सेरियम.
दुकानात ती आता कुणाच्या कामाची नव्हती.

आता ती दगडांना.
मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, कूलरच्या जुन्या मोटरवर
आतून रबर लावलेलं पिंप फिरतं
महिना महिना, रात्रंदिवस, भारनियमन सोडून.
आधी भरड, मग बारीक, मग त्याहून बारीक.
तेवढ्यात फारसं ठरवायचं नसतं,
झिजणं सगळ्यांच्याच वाट्याला.
ठरवायचं ते शेवटी.

अकिकाला गुलाबी भुकटी.
काचेचा लांबचा भाऊबंद तो, आठ दिवसांत
ओळख दाखवतो.
तापी-पांझरेच्या संगमावरचा तांबडा जास्पर मात्र
गुलाबीला बधला नाही. दोनदा फिरवला, दोनदा
तोंड पाडून बाहेर आला.
त्याला जळगावहून पांढरी ॲल्युमिना आणली,
सोबत मूठभर भुईमुगाच्या टरफलांचा चुरा,
आपसात आदळू नयेत म्हणून.
पारखायचं कसं, ते जुन्या धंद्यानं शिकवलं:
दगड ट्यूबलाइटखाली धरायचा,
नळीच्या दोन्ही कडा त्यात सरळ दिसल्या पाहिजेत.
कड थरथरली, की पुन्हा पिंपात.

काळ्या फत्तराचं विचारू नका.
निम्मा खानदेश त्याच्यावर बसलाय
आणि त्याला चमक नाही.
त्याच्या भोकाभोकांत भुकटी जाऊन बसते,
जन्मभर गुलाबी पुटकुळ्या.
तरी एकदा हट्टानं मोरीतली वजरीच उचलली मी,
तर वेणू दारात उभी.
"त्याले कसाले गुयगुयीत करस?
मंग मी पाय कसावर घासू?"
वजरी साबणानं धुतली
आणि होती तिथं ठेवली.
माझ्या हातून झालेलं
सगळ्यात बिनचूक पॉलिश ते.

चुकीचं सांगतो.
रुमशी पावरा अनेरकडच्या विहिरीच्या खोदकामातून
मधाच्या रंगाचा कॅल्साइट घेऊन आला होता,
त्याच्या पोरीच्या मुठीएवढा.
मी तो अकिकांसोबत टाकला. घाई, दुसरं काय.
उघडलं तेव्हा पिंपात दुधासारखं पाणी,
अकीक लखलखीत,
आणि तो नव्हता.

तीन महिने रुमशी बाजाराच्या दिवशी यायचा.
"झाला का?"
"फिरतोय अजून."
चौथ्या खेपेला तो ओट्यावर बसला,
पाणी प्याला, म्हणाला,
"खोटं बोलताना तुम्ही चष्मा पुसता."

मी सांगितलं सगळं.
तो हसला नाही, रागावलाही नाही.
पिंपाला कान लावून बराच वेळ
आतली खळखळ ऐकत राहिला,
पाणी लागलंय का बघावं तसा.

मऊ दगडाला यंत्र लावायचं नसतं.
त्याला जुन्या घोंगडीचा तुकडा,
चमचाभर ॲल्युमिना, थेंब थेंब पाणी
आणि दुपारभराचा अंगठा.
हे मला माहीत होतं. माहीत असून
टाकला होता.

डब्यात गुलाबी भुकटी आता दोन चमचे.
मालक गेले, दुकानात मोबाइलची कव्हरं लटकतात.
दोन चमच्यांचा दगड कोणता
ते अजून ठरत नाही.

काल रुमशी पुन्हा आला.
या वेळी ओल्या फडक्यात गुंडाळून काहीतरी.
उलगडलं, तर शेडमध्ये
मधाचा उजेड पडल्यासारखं झालं.
"कसाय?" म्हणाला.
माझा हात चष्म्याकडे गेला. मी तो मागे घेतला.

दगड उन्हात ठेवला, कट्ट्यावर.
दोघंही बाजूला बसलो.
म्हटलं, वाळू दे आधी.