फुटाण्याला फुटाणे देऊ नका

झुलेवाल्यांचा ट्रक बोरखेडीच्या जत्रेतून निघाला
आणि मागे राहिलं एक घोडं,
पंपाच्या खोलीला बांधलेलं.
जागेचं भाडं थकलं होतं,
त्या बदल्यात.

रत्नमालाबाई गेडामांनी त्याला गोठ्यात आणलं.
पोरं म्हणाली, शिंगरू आहे.
गिरणीवाला म्हणाला, गाढवाचं दिसते.
आणि जो तो विचारी,
"मोठं कवा होईन हे?"

मी जनावरांच्या दवाखान्यातला ड्रेसर.
टेप घेऊन गेलो.
अशा घोड्याची उंची डोक्यापर्यंत धरत नाहीत,
आयाळीचा शेवटचा केस पाठीला जिथं भेटतो
तिथपर्यंत धरतात.
बत्तीस इंच.
मग ओठ वर करून दात पाहिले.
"बाई, हा झाला तेवढा मोठा झाला.
एकोणीसेक वर्षांचा असंन.
तुमच्या प्रणालीहून वर्षानं थोर."
गोठ्यात सगळे गप्प,
जशी पाहुण्या माणसाला चुकून
अरे-तुरे झाली असावी.

तरी लाड काही थांबले नाहीत.
शाळेत जाताना पोरी फुटाणे द्यायच्या,
म्हणून तेच नाव पडलं.
येताना गुळाचा खडा.
गिरणीतून ज्वारीचा भरडा.
एकाही ओंजळीला त्यानं नाही म्हटलं नाही.
तान्ह्या पोळ्याला
लाकडी बैलांच्या रांगेत
तो एकटाच शेपटी हलवणारा.
घरोघर ओवाळणं, घरोघर पुरणपोळी.

तिसऱ्या दिवशी फोन:
"भाऊ, थो पाऊलच टाकत नाही."
पुढचे पाय लांब रोवून,
अंग मागं टाकून उभा,
उतारावर भरली गाडी तोलणाऱ्या बैलासारखा.
खुराला हात लावला.
तवा.

मॅडमनं सुई दिली, दाणा बंद केला.
गोठ्यात नदीची वाळू टाकली, हातभर.
बादलीत थंड पाणी, त्यात त्याचे पाय,
आणि प्रणाली रात्रभर पाणी बदलत राहिली.
बाई मला म्हणाल्या,
"वैऱ्यानं केलं असतं तं भांडलो असतो.
हे तं आपल्याच ओंजळीनं झालं."
मी काही बोललो नाही.
माझ्याही खिशात त्या दिवशी
पोळी होती.

आता फक्त सुकं गवत, मोजून.
दर दीड महिन्याला बशीर नालबंद येतो,
खूर तासतो, नाल ठोकत नाही.
लग्नवाला आला, नवरदेवाच्या भाच्याला बसवायला,
पोरगं दहा वर्षांचं, अंगानं भरलेलं.
बाईंनी चहा पाजून परत पाठवला.
एकटा राहिला की दावं चावायचा,
म्हणून शेजारी एक शेळी आणली.
ती त्याच्या पाठीवर हनुवटी टेकून रवंथ करते,
तेवढं वजन चालतं.

दारावर प्रणालीनं खडूनं लिहिलं आहे
ते वर वाचलंच तुम्ही.
दर सोमवारी ती डोळे मिटून
त्याच्या कुशीवरून बोटं फिरवते.
केसाखाली बरगड्या लागल्या पाहिजेत,
दिसल्या नाही पाहिजेत.

जूनमध्ये ती यवतमाळला जाईल, नर्सिंगला.
तो अजून दहा वर्षं जगेल, कदाचित बारा.
काल तिनं बाईंचा हात धरून
त्याच्या कुशीवर ठेवला.
"दाबू नको आई. नुसती फिरव."
बाईंची बोटं कापूस वेचून खरबरीत.
"लागत नाही वं मले काही."
"पुन्हा पाह्य."
फुटाणा मान वळवून
बाईंचा पदर हुंगत होता.
त्यात काय बांधलं आहे
ते त्याला माहीत होतं.