जॉबरचा कान

अंबादास मेरगू गेला तेव्हा
बायको सोडून कुणी रडलं नाही.
शेठ म्हणाले, दुसरा बघू,
अक्कलकोट रोडला जॉबरला काय तोटा.

दुसरा सुरतेला जाऊन वर्ष झालं होतं.
तिसरा पुण्यात एका सोसायटीचं गेट उघडतो.
चौथ्याला दिसत नाही.

मी चादरीच्या दशा वळते.
दशा म्हणजे टोकाचे दोरे,
दुसरा अर्थ तेव्हा मला ठाऊक नव्हता.

मॉरिशस बेट आहे, त्याच्या पोरीनं दाखवलं,
नकाशावर पेन गळाल्यासारखा ठिपका.
चारी बाजूंनी पाणी!
आमचा नळ पाचव्या दिवशी येतो, तोही रात्री दोनला.
तिथली पोरं म्हणे फ्रान्सला गेली,
मिलला माणूस उरला नाही, म्हणून ह्याला नेला.
मग फ्रान्सची पोरं कुठं जातात, मी शेठला विचारलं.
ते म्हणाले, तू गाठी मार.

माग अडला की शेठ फोन लावायचे,
मागाच्या अंगाला टेकवून धरायचे.
तिकडून अंबादास ऐकायचा, मध्येच खोकायचा, मग
"तीन नंबरचा डावा पट्टा ढिला.
धोटा उडंल, पोरांना बाजूला घ्या."
आणि तसंच असायचं.
पण जाकार्डचं हुक बदलायला बोटं लागतात.

आठाचे पाच झाले. पाचाचे दोन.
यल्लप्पानं चहाचं दूध निम्मं केलं,
कांडीवाल्या नरसम्मानं विडीचं सूप मांडीवर घेतलं.
मेरगूंच्या घरावर मात्र स्लॅब पडला,
जिन्याला स्टीलचा कठडा, त्यात शेजारणी पदर नीट करतात.
मीही करते.

दिवाळीआधी टेम्पो आला.
माग किलोवर गेले.
मोराच्या चादरीचे पुठ्ठे कुणी घेईना,
ते मी घरी आणले, बंबात घातले.
भोकाभोकांतून जाळ यायचा.
पिसारा तीन दिवस पुरला.

परवा रविवारी त्याचा फोन मलाच.
"शेठ उचलत नाहीत, आक्का.
जरा मागाजवळ धर की.
बिघाड नाही काही, नुसतं ऐकतो."

मी शेडमध्येच होते, शेवटच्या गठ्ठ्याच्या गाठी मारत.
फरशीवर बोल्टांची भोकं, त्यात जुनं तेल.
मी म्हणाले, लाईट गेलीये.

तो बोलला नाही.
मी फोन कानाला लावून उभी,
तो तिकडे कान लावून.
त्याच्या मागं काहीतरी घुमत होतं,
समुद्र असेल, नाहीतर मिल.

मग म्हणाला,
"वरच्या पंख्याचं बेअरिंग गेलंय, आक्का.
सांग शेठला.
बदलून घ्या."